सोमालीलँडमध्ये विरोधक जिंकतात, फक्त निवडणूक वेळेवर होत नाही

प्रश्न असा आहे: सोमालीलँडमध्ये 2021 साली संसदेची निवडणूक झाली आणि विरोधक जिंकले असं वाचलं. ज्या देशाला जग देशच मानत नाही, तिथली निवडणूक खरी समजायची की जगाला दाखवायला मांडलेला देखावा? आणि खरी असेल तर आधीची निवडणूक थेट 2005 मध्ये कशी?

थोडक्यात उत्तर: मतदान खरं, मोजणी बऱ्यापैकी खरी, निकालही खरा. वेळापत्रकावर मात्र विश्वास ठेवू नका. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून जास्त जागा त्यालाच देतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. महसूल खात्यात असताना मी निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून काम केलं आणि पुढे आफ्रिकेतल्या निवडणूक कर्मचाऱ्यांना शिकवण्याचं काम धरलं. त्यामुळे माझी नजर आधी मतदारयादी, शाई आणि मोजणीच्या तक्त्याकडे जाते. लोकशाहीच्या व्याख्या वगैरे त्यानंतर.

पार्श्वभूमी लागेल तेवढीच. एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा प्रदेश म्हणजे पूर्वीचं ब्रिटिश सोमालीलँड. सुरुवातीची काही वर्षं, 1898 पर्यंत, त्याचा कारभार एडनमार्फत मुंबई इलाख्याकडे होता आणि 1951 पर्यंत तिथल्या बाजारात आपला रुपया चालायचा. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. 26 जून 1960 ला ते स्वतंत्र झालं आणि पाचच दिवसांनी, 1 जुलैला, इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी स्वखुशीने एक झालं; त्या दोघांचा मिळून सोमालिया. पुढे सियाद बर्रेची हुकूमशाही आली, 1988 मध्ये हार्गेसावर, म्हणजे आजच्या सोमालीलँडच्या राजधानीवर, बॉम्बवर्षाव झाला, यादवी पेटली. सोमालियाच्या राजधानीतलं, मोगादिशूचं सरकार कोसळल्यावर 18 मे 1991 ला बुराओ शहरात भरलेल्या परिषदेत उत्तरेने फारकत जाहीर केली. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त, पण वस्ती विरळ. मान्यतेच्या बाबतीत तुमचं वाक्य थोडं दुरुस्त करावं लागेल. 26 डिसेंबर 2025 ला इस्रायलने सोमालीलँडला मान्यता दिली आणि तसं करणारा तो संयुक्त राष्ट्रांचा पहिला सदस्य देश ठरला. 2021 च्या निवडणुकीच्या वेळी मात्र पाटी कोरी होती.

आता निवडणूक. संसदेत दोन सभागृहं, दोन्हीत 82 सदस्य. खालचं सभागृह लोकांनी निवडायचं. वरचं ते गूर्ती, म्हणजे कुळींच्या ज्येष्ठांचं सभागृह. गूर्तीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण सगळी गोम तिथे आहे.

खालच्या सभागृहाच्या आजवर दोन निवडणुका झाल्या: 29 सप्टेंबर 2005 आणि 31 मे 2021. पहिल्या वेळी राष्ट्राध्यक्ष दाहिर रियाले काहिन यांच्या उदुब पक्षाला 33, कुल्मियेला 28 आणि यूसिडला 21 जागा मिळाल्या. दुसऱ्या वेळी वदानी 31, कुल्मिये 30, यूसिड 21. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते कुल्मियेचे मूसे बिही अब्दी. दोन्ही वेळा सत्ताधारी पक्षाला बहुमत मिळालं नाही आणि दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्षांनी निकाल मान्य केला. 2021 मध्ये वदानी आणि यूसिडने लगेच हातमिळवणी केली आणि ऑगस्टमध्ये सभापतिपदही थोडक्या मतांनी खेचून घेतलं. देखाव्याच्या निवडणुकीत असं होत नसतं. त्याच्याही आधी, 2003 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, रियाले अवघ्या 80 मतांनी निवडून आल्याचं आयोगाने जाहीर केलं. न्यायालयात तो फरक थोडा वाढला आणि हरलेल्या कुल्मियेच्या सिलान्यो यांनी शस्त्रं न काढता ते पचवलं. फारकत घेऊन जेमतेम बारा वर्षं झालेल्या, घरोघरी बंदूक असलेल्या मुलखात ही साधी गोष्ट नाही. तेच सिलान्यो 2010 मध्ये जिंकले.

मतदान कसं होतं ते जरा जवळून बघू, कारण इथेच बहुतेक लेख घाई करतात.

सहा प्रदेश हेच सहा मतदारसंघ. मरोदी जेह, म्हणजे हार्गेसा आणि भोवतालचा भाग, 20 जागा, तोगधेर 15, अवदल 13, सनाग 12, सूल 12, साहिल 10. ही वाटणी आजच्या लोकसंख्येवर नाही, 1960 च्या विधिमंडळातल्या प्रमाणावर बेतलेली आहे. सर्वांना मान्य होईल अशी जनगणना नाही आणि जागांचा नवा हिशेब मांडायचा म्हटलं की कोणाच्या तरी कुळीची जागा जाणार. म्हणून साठ वर्षांपूर्वीचा आकडा सगळे मुकाट्याने चालवून घेतात. आपल्याकडे लोकसभेच्या राज्यवार जागा 1971 च्या जनगणनेवर किती दशकं गोठून राहिल्या ते आठवलं तर याचं नवल वाटणार नाही.

पक्ष तीनच. राज्यघटनेनेच तशी मर्यादा घातली आहे. प्रत्येक पक्षाने प्रत्येक जागेमागे एक उमेदवार दिला की 82 गुणिले तीन, म्हणजे 246 उमेदवार. मतदार मत देतो एकाच उमेदवाराला, पण ते मत आधी त्याच्या पक्षाच्या खात्यात पडतं. समजा, दहा जागांच्या प्रदेशात एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची मतं मिळून चाळीस टक्के झाली. मग त्या पक्षाला साधारण चार जागा, आणि त्या त्याच्या यादीतल्या सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या चौघांना. पाचवा उमेदवार दुसऱ्या पक्षाच्या विजेत्यापेक्षा जास्त मतं घेऊनही घरी बसू शकतो. परिणामी खरी झुंज स्वतःच्याच पक्षातल्या माणसाशी लागते. पक्षाचं गणित याच्या नेमकं उलट असतं: आपल्या यादीत जितक्या भावक्या येतील तितकी मतं जास्त, मग त्यांतले निम्मे पडले तरी चालेल. पडणाऱ्याची मतं वाया जात नाहीत, ती पक्षाच्या बेरजेत राहतात.

भावकी हा शब्द मुद्दाम वापरला. इसाक, दिर, हर्ती ही मोठी कुळींची नावं तुम्ही नकाशांवर बघितली असतील, पण उमेदवार ठरतो त्याच्या कितीतरी खालच्या पातळीवर. चार-सहा पिढ्यांपूर्वीच्या एकाच पूर्वजाची लेकरं एकत्र बसतात, खल होतो, 'खात' नावाचा नशेचा पाला चघळला जातो, आणि 'या खेपेला आपला माणूस हा' असं ठरतं. पक्षाचं तिकीट बहुतेक वेळा त्यानंतर. खर्चही तीच मंडळी उचलतात आणि त्यातला चांगला वाटा लंडन, कार्डिफ किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्या नातलगांकडून येतो. निवडून आलेला माणूस मग पक्षाच्या आदेशाला किती भीक घालणार? ज्यांनी पैसे गोळा केले त्यांचं काम आधी. हार्गेसाच्या संसदेत पक्षाची शिस्त का दिसत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

प्रचाराची एक पद्धत मला मनापासून आवडते. रस्त्यावरच्या प्रचारासाठी पक्षांना दिवस वाटून दिलेले असतात. आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा, परवा तिसऱ्याचा. ज्याचा दिवस त्याच्याच गाड्या, त्याचेच झेंडे, त्याचीच गाणी. दोन मिरवणुका समोरासमोर येण्याचा प्रश्नच मिटतो. आपल्याकडे शेवटच्या दिवशी एकाच चौकात दोन पक्षांच्या रॅली आणि मध्ये दोरी धरून उभे असलेले पोलीस ज्यांनी बघितले आहेत, त्यांना याची किंमत कळेल.

आता मतदारयादी. 2005 मध्ये यादीच नव्हती. शाईवर भिस्त, आणि शाई काय, पुसायची म्हटलं तर लोक नाना उपाय करतात. 2008-09 मध्ये बोटांचे ठसे घेऊन यादी करायचा घाट घातला. झालं असं की प्रत्येक भावकीने आपलं वजन वाढवायला दोन-दोन, तीन-तीनदा नावं नोंदवली. दुबार नावांचा इतका सुळसुळाट झाला की त्या यादीवरूनच राजकीय पेच उभा राहिला आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक 2010 वर गेली. पुढे ती यादी मोडीत निघाली आणि 2012 च्या स्थानिक निवडणुका पुन्हा यादीविना झाल्या. मग मात्र त्यांनी थेट डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घ्यायचं ठरवलं. 2017 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुबुळांवरून छाननी केलेली मतदारयादी वापरली गेली आणि अशी यादी वापरणारा सोमालीलँड जगातला पहिलाच. 2021 मध्ये याच पद्धतीच्या यादीत साडेदहा लाखांहून जास्त नावं होती.

यात एक बारकावा आहे. बुबुळाचा उपयोग यादीतली दुबार नावं काढण्यापुरता. मतदानाच्या दिवशी केंद्रावर कोणी तुमच्या डोळ्याला यंत्र लावत नाही. तिथे कार्ड, छापील यादी आणि बोटाला शाई. म्हणजे यादी शुद्ध असली तरी केंद्राध्यक्ष ढिला असेल तर दुसऱ्याच्या कार्डावर मत पडू शकतं. यंत्रामुळे चोरी थांबते असं नाही, पण ती घाऊक राहत नाही, किरकोळ होते. माझ्या मते एवढं पुष्कळ आहे. यंत्राकडून यापेक्षा जास्त मागणारे लोक बहुधा कधी मतदान केंद्रावर बसलेले नसतात.

मोजणी केंद्रावरच, मतदान संपल्यावर, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होते. प्रत्येक उमेदवाराला वेगळं चिन्ह असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मतदाराची अडचण होत नाही. हे आपल्याला 1952 पासून ठाऊक आहे. फरक इतकाच की हार्गेसासारख्या प्रदेशात एका मतपत्रिकेवर साठ उमेदवार असतात, आणि 2021 मध्ये त्याच दिवशी स्थानिक परिषदांसाठी दुसरी मतपत्रिकाही होती. साठ खुणांतून आपली खूण शोधायला म्हाताऱ्या माणसाला किती वेळ लागतो आणि बाहेरची रांग कशी वाढत जाते, हे आकडेवारीत दिसत नाही. बाहेरचे निरीक्षकही आले होते. एका पथकात सिएरा लिओनचे माजी राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाय कोरोमा होते. एकंदर मतदान शांततेत पार पडलं. मतदानाआधी मात्र विरोधी पक्षांच्या काही उमेदवारांना अटक झाली होती, आणि हे विसरून कौतुक करणं बरोबर नाही.

निकालातल्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. 2021 मध्ये सर्वाधिक मतं कोणाला? वदानीचे बरखद जामा बतून यांना. ते गबोये समाजाचे. चामड्याचं काम, लोहारकाम, न्हाव्याचा धंदा करणारा हा समाज. मोठ्या कुळी त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. कशाची आठवण होते ते मी सांगायला नको. हार्गेसात या माणसाला मोठ्या कुळींच्या तरुणांनीही भरभरून मतं दिली. भावकीपलीकडे मत पडतच नाही, असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांना हा निकाल अडचणीचा आहे.

दुसरी गोष्ट: संसदेसाठी 13 महिला उभ्या होत्या, निवडून एकही आली नाही. 2005 मध्ये निदान दोन आल्या होत्या. कारण पुन्हा भावकीतच आहे. मुलगा उभा राहिला तर तो बापाच्या घराचा, हे पक्कं. मुलीचं लग्न दुसऱ्या घरात झालेलं. माहेर म्हणतं ही आता तिकडची, सासर म्हणतं ही मूळची तिकडची. पैसे कोणी गोळा करायचे आणि शब्द कोणी टाकायचा? राखीव जागांचा प्रस्ताव अनेकदा आला, संसदेने तो मंजूर केला नाही. ज्या सभागृहाला स्वतःच्या जागा सोडाव्या लागणार, तेच मतदान करणार. आपल्याकडे महिला आरक्षणाचं विधेयक 1996 पासून 2023 पर्यंत का लोंबकळलं, तेच इथे.

आता तारखेकडे येतो. 2005 च्या सभागृहाची मुदत पाच वर्षांची, म्हणजे 2010 पर्यंत. ते बसलं 2021 पर्यंत. हे कसं जमलं? युद्ध, नैसर्गिक आपत्ती अशा गंभीर परिस्थितीत निवडणूक घेता आली नाही तर मुदतवाढ द्यायचा अधिकार गूर्तीकडे आहे. मूळ हेतू समजण्यासारखा आहे. 1993 मध्ये बोरामा इथे महिनोन्महिने परिषद चालली आणि कुळीच्या ज्येष्ठांनी देशाची घडी बसवली. त्यांना संसदेत मानाचं स्थान देणं, भांडण विकोपाला जाईल तेव्हा त्यांचा शब्द शेवटचा मानणं, हे त्या काळाला धरून होतं. पुढे मात्र 'गंभीर परिस्थिती' ही सोयीची झाली. कधी पैसा नाही, कधी यादी तयार नाही, कधी दुष्काळ, कधी जागावाटपाच्या कायद्यावर एकमत नाही. यातलं प्रत्येक कारण सुटं पाहिलं तर खरं वाटतं. सगळी एकापुढे एक मांडली की सोळा वर्षं होतात.

आणि मुदतवाढ देणारे स्वतः कोण? गूर्तीची आजवर एकदाही निवडणूक झालेली नाही. सदस्य वारला की बहुधा त्याच्या घरातला दुसरा त्या जागी येतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये याच गूर्तीने मूसे बिही यांना दोन वर्षं वाढवून दिली आणि त्याच्या आधी ऑगस्टमध्ये रस्त्यावर उतरलेल्या निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसं मेली होती. 2024 च्या 13 नोव्हेंबरला अखेर मतदान झालं, तेव्हा अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही, म्हणजे 'इर्रो', यांनी बिहींचा दणदणीत पराभव केला आणि बिहींनी खुर्ची सोडली. गंमत बघा: हेच इर्रो 2005 च्या संसदेचे सभापती. पाच वर्षांच्या सभागृहाचं सभापतिपद त्यांनी 2017 पर्यंत, जवळजवळ बारा वर्षं सांभाळलं. मुदतवाढीचा फायदा सत्ताधाऱ्यांना होतो हे खरं, पण विरोधकांच्याही खुर्च्या त्याच मुदतवाढीवर टिकतात. म्हणून संसदेत याविरुद्ध फार मोठा आवाज उठत नाही. ओरडतात ते बाहेरचे.

माझा मुद्दा इतकाच आहे की अशा देशाची परीक्षा मतदानाच्या दिवशी घेऊ नये. त्या दिवशी ते चांगल्या गुणांनी पास होतात. आधीचं सभागृह ज्या दिवशी संपायला हवं होतं, त्या दिवशी काय झालं ते विचारा. निरीक्षकांची पथकं मतदानाच्या आठवड्यात येतात आणि जातात. जी निवडणूक झालीच नाही तिचा अहवाल कोण लिहिणार?

सूलचा विषय टाळता येणार नाही. पूर्वेकडच्या सूल आणि सनागच्या काही भागांत धुलबहांते आणि वर्सनगेली कुळींची वस्ती आहे आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही फारकत कधी पटली नाही. 2005 मध्ये सूलचं मुख्य शहर लास आनोद शेजारच्या पुंटलँडच्या, म्हणजे सोमालियातल्या एका स्वायत्त राज्याच्या, ताब्यात होतं, तिथे मतदान झालंच नाही. तरीही सूलच्या नावाचे बाराही सदस्य संसदेत बसले. 2021 मध्ये लास आनोदमध्ये मतदान झालं आणि नवे सभापतीही त्या पूर्वेकडच्या भागातलेच निवडले गेले. वाटलं, गाडी रुळावर येते आहे. 2022 च्या डिसेंबरात शहरात एका विरोधी नेत्याच्या हत्येनंतर उद्रेक झाला, फेब्रुवारी 2023 पासून लढाई जुंपली आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला शहराजवळचा गोजअदेचा लष्करी तळ सोडून मागे यावं लागलं. आता तिथे मोगादिशूशी जोडलेलं वेगळं प्रशासन आहे. 2024 ला लास आनोदने मत दिलं नाही. संसदीय निवडणुकीत तिथल्या बारा जागांचं काय करायचं? रिकाम्या ठेवल्या तर हक्क सोडल्यासारखं होतं, भरल्या तर पुन्हा 2005 चाच प्रकार. कुठलाही आयोग तांत्रिक नियम लावून यावर तोडगा काढू शकणार नाही.

राहिला मान्यतेचा प्रश्न. 'आम्ही निवडणुका घेतो म्हणून आम्हाला देश माना' हे हार्गेसातले नेते बाहेर जरूर बोलतात. पण मान्यता मिळाली ती बॅलट मोजून मिळालेली नाही. तांबडा समुद्र, बर्बेराचं बंदर, पलीकडच्या किनाऱ्यावरचं येमेन ही तिची कारणं. निवडणुकीचा उपयोग घरातच जास्त आहे. सरकारचा महसूल मुख्यतः बर्बेराच्या जकातीवर. बाहेरून कर्ज जवळपास मिळत नाही. अशा सरकारला व्यापाऱ्यांनी आणि कुळींनी सुखासुखी कर द्यायचा, तर सत्ता आळीपाळीने फिरते हे त्यांना दिसावं लागतं. 2003 ची 80 मतं अशीच पचली: पुढच्या खेपेला आपला नंबर लागेल हा भरवसा होता. तारीख पुढे ढकलली जाते तेव्हा सर्वात आधी धक्का बसतो तो या भरवशाला.

पुढे काय बघायचं? 2021 च्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत 2026 पर्यंतची. शिवाय आता एक नवाच गुंता आहे. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाबरोबरच कोणत्या तीन संघटनांना पक्ष म्हणून पुढची दहा वर्षं मान्यता द्यायची याचंही मतदान झालं. वदानी आणि कुल्मिये टिकले, तिसरी जागा काह या नव्या पक्षाने घेतली, यूसिड बाहेर. म्हणजे सभागृहात 21 सदस्य अशा पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले आहेत, ज्या पक्षाला कायद्याने आता अस्तित्वच नाही, आणि काहकडे देशभर मतं आहेत पण 2021 च्या निकालात त्याची एकही जागा नाही. वेळेवर निवडणूक व्हावी म्हणून जोर लावायचं सर्वात मोठं कारण आज काहकडे आहे, आणि ती पुढे जावी असं मनातून वाटायचं सर्वात मोठं कारण त्या 21 जणांकडे.